उचलत्या फळीची नाव

तापीकाठ, शिरपूर तालुका
आषाढ वद्य एकादशी, १९३४

प्रिय रुपचंद,

आशीर्वाद आहेतच, ते लिहिण्यात शाई घालवत नाही. तुझं पत्र पोस्टमनने परवा आणून दिलं. मी ते तुझ्या बायकोला, सुगंधाला, वाचून दाखवलं, एकदा सरळ आणि एकदा दात-ओठ खात. घरात पुरुषमाणूस नाही, तेव्हा नाव विकून टाका आणि दोघी धुळ्याला मोतीलालकाकांकडे जाऊन राहा, असं तू मुंबईच्या गोदीत बसून लिहितोस. वा रे भाऊ! दोन वर्षांत तुझे पाय या काठाला लागले नाहीत, आबांच्या वर्षश्राद्धाला पिंड पोटच्या पोराऐवजी काकांनी ठेवला, आणि आता तू आम्हाला घर सोडायला सांगतोस. ती ऐकता ऐकता शिडाचं फाटकं कापड शिवत होती. मी मात्र ऐकून घेणारी नाही हे तुला ठाऊक आहे.

आधी तुझ्या त्या नावेचं ऐक. मागच्या दिवाळीला तू सुरतेहून नाव पाठवलीस, दोंडाईचा स्टेशनवर ती उघड्या डब्यातून उतरली आणि तिथून दोन गाड्या एकामागे एक जोडून काठावर आली. रस्त्यात गावंच्या गावं बघायला लोटली. वीस हात लांबी, पोटाखाली पुरुषभर खोल लाकडी कणा आणि डोलकाठी इतकी उंच की पोरं मान मोडून बघत होती. मला मात्र बघताच घाम फुटला. अरे, ही तापी आहे, खंबायतची खाडी नव्हे! मार्गशीर्षात इथे बकरी पोटाला पाणी न लागता पलीकडे जाते. तुझी ती महाराणी पहिल्याच फेरीत वाळूत रुतून आडवी झाली. जीवराम पाटलांच्या बैलांच्या दोन जोड्या लावून ओढली, तर आठ दिवसांनी पुन्हा तेच. शीड चढवायला चार माणसं लागतात, आणि आम्ही दोघी दोराला लोंबकळत होतो. काठावरचं हसू आम्ही झेललं, तू नाही.

चार माणसं तू हिशेबात कुठून धरलीस, यावर मी पुष्कळ दिवस डोकं खाजवलं. मग श्रावणात कानबाईच्या रोटांना, देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांना, आपण गहू कसे मोजतो ते आठवलं आणि उजेड पडला. घरातल्या पुरुषांची नावं घेत सव्वा सव्वा मूठ टाकायची: तू, मोतीलालकाका, त्यांचा चुडामण, आणि काकांचा धाकटा पुना. झाले चार! नाव निवडताना तू रोटाचाच हिशेब केलास. काका आणि चुडामण धुळ्याच्या गिरणीत, पुना अजून पाटीवर अक्षरं गिरवतोय, तू मुंबईत. वल्ह्याला खरे हात होते ते सुगंधाचे आणि माझे, आणि आपल्या घरात त्या हातांच्या नावाची मूठ कुणी कधी टाकली नाही. आबांनी सुद्धा नाही, पण त्यांनी निदान मला सुकाणू दिलं. तुला शाळेत घातलं तेव्हा तुझं दप्तर वाहायला मला धाडलं, म्हणून आज हे पत्र तरी लिहिता येतंय.

म्हणून वैशाखात मी सुगंधाला घेऊन सुरतेला गेले. कुणाला विचारलं नाही. जब्बार मिस्त्रींकडे, जिथून तू नाव घेतलीस तिथेच. म्हातारा भला माणूस आहे. तुझी नाव परत घ्या आणि दोन माणसांना पेलेल अशी द्या म्हटलं, तर त्यांनी आमच्या मागे कुणी आहे का ते वाकून पाहिलं. म्हणाले, “बहेन, दो आदमी की नाव तो है, पर आदमी किधर है?” मी म्हटलं, हे काय, दोन उभे आहेत. ते हसले नाहीत, यावरूनच मला त्यांचा विश्वास वाटला.

त्यांनी तीन नावा दाखवल्या. पहिली सपाट तळाची. वाळूवरून छान सरकते, पण वारा आडवा आला की पानासारखी बाजूला वाहते. दुसरी तुझ्या नावेची धाकटी बहीण, तिच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. तिसरी चौदा हातांची. तिच्या पोटात मधोमध एक लाकडी पेटी आणि पेटीच्या खाचेतून खाली सोडलेली जाड फळी. खोल पाण्यात फळी खाली सोडायची, म्हणजे नाव वाऱ्याला तोंड देऊन नीट चालते. वाळू लागली की साखळी ओढायची, फळी पोटात, नाव गुडघाभर पाण्यातही चालते. मी अंगावरचा पदर खोचला आणि चिखलात उताणी पडून खालून तळ पाहिला. लोक बघत होते, बघू देत. फळी एकटीनं वीस वेळा वर-खाली केली, सुगंधाकडून करवली. शीड एकटीनं चढवून पाहिलं. खोट काढायला काय, मी खोट काढलीच: पेटी मधली सगळी जागा खाते, दोघींना निजायला पाय पोटाशी घ्यावे लागतात, आणि खाचेत खडा अडकला तर फळी अडून बसेल. जब्बारभाईंनी पेटीच्या माथ्याला एक भोक पाडून दिलं, वरून पहारीनं ठोकून खडा पाडायला. तुझ्या नावेच्या बदल्यात घेतली.

ज्येष्ठात पश्चिमेचा वारा धरून आम्ही वरच्या गावांना मडकी आणि मीठ घेऊन गेलो, तीन मुक्काम नावेतच केले, आणि धारेबरोबर खाली आलो. चार ठिकाणी वाळू लागली. चारही वेळा सुगंधानं साखळी ओढली, आणि आम्हा दोघींपैकी कुणालाही पाण्यात उतरावं लागलं नाही. परत आल्यावर तुझी बायको म्हणाली, “अक्का, हाई नाव आपली शे.” दोन वर्षांत तिच्या तोंडून मी ‘आपली’ शब्द पहिल्यांदा ऐकला. तेव्हा विकण्याची गोष्ट काढू नकोस. नाव आमची आहे, ती आम्ही चालवणार.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते, आणि ते रागावून लिहिता येत नाही, म्हणून एवढा वेळ रागावत बसले. तू चार माणसांची नाव का घेतलीस ते रोटांपलीकडे मला ठाऊक आहे. पुन्हा कधी दोर तुझ्या एकट्याच्या हाती नको होता. दोन वर्षांपूर्वीच्या त्या भाद्रपदात जुन्या नावेचा कणा वाळूत रुतला, आबा कंबरेला दोर बांधून ती सोडवायला उतरले, आणि पूर आला. नाव सुटली, आडवी फिरली, दोर ताणून तिची एक कड पाण्याखाली जायला लागली. दोराचं दुसरं टोक नावेत पुढे तुझ्या हातात होतं, ते सुटलं आणि आबा वाहून गेले. तेव्हापासून तू स्वतःला बापाचा मारेकरी समजतोस. काठावर तू हाताचे तळवे बघत बसला होतास, मी तुझ्याकडे पाठ फिरवली, आणि तू ते खरं मानलंस. रुप्या, मी मागे सुकाणूवर होते, वारा माझ्या तोंडावर होता. तुला ऐकू आलं नाही, मला आलं. आबा ओरडले होते, “सोडी दे रे दोर! पोरगी शे नावमा!” त्यांनी माझ्यासाठी सोडायला सांगितलं, हे मला कुणाला सांगवेना. तू दोषी राहिलास तर मी सुटत होते. दोन वर्षं मी तुझ्या नावानं बोटं मोडली ती यासाठी. आता वाटलं तर तू माझ्याकडे पाठ फिरव, पण त्याआधी एकदा घरी ये.

तुझीच,
अक्का