भाकरीत मूठभर गहू

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

ती. आप्पा व ती. सौ. आईस,
दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि अर्धवट कळलं की आई जेवण सोडते, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. माझं दुखणं सापडलं. नाव सीलिअॅक. गव्हातला ग्लुटेन नावाचा चिकट अंश माझ्या आतड्याला सोसत नाही. आतडं आतून खराब होतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. लहानपणापासूनची पोटफुगी, रक्त कमी, सगळं त्यानंच. आधी रक्त तपासलं, मग दुर्बीण घालून आतड्याचा कण काढून पाहिला. औषध नाही. जन्मभर गहू बंद, एवढंच.

एवढंच म्हणते खरी, पण गहू कुठं कुठं असतो ते आता कळतंय. रवा, मैदा, शेवया तर आल्याच, हिंगाच्या डबीतसुद्धा गव्हाचं पीठ निघालं. गिरणीत गव्हामागून दळलेली ज्वारीही चालत नाही. तुमच्या जावयांनी घरघंटी आणली, तिच्यात गहू घालायचा नाही. माझा तवा, परात वेगळी. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की मी केक घेत नाही आणि मला राग आलाय असं सगळ्यांना वाटतं.

फेब्रुवारीत दोन दिवस येते. पीठ माझ्याकडचं आणीन. आईनं नुसती भाकरी करावी.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची दिपाली


देवगाव रंगारी, ता. कन्नड
३ मार्च २०२५

चि. सौ. दिपालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इथून गेल्यापासून तू आठ दिवस अंथरुणात आहेस, पोटात पाणी ठरंना, असं जावयांनी कळवलं. जीव थाऱ्यावर नाय. मी माझंच पीठ नेलं होतं, मग असं कसं झालं, असं तू विचारलंस. काल शेळ्या बांधून झाल्यावर तुझी आई पायरीवर बसली. मग म्हणाली, की तुझ्या पिठात मूठभर गव्हाचं पीठ तिनंच मिसळलं होतं. लेक वाळून गेलीया, नुसत्या ज्वारीवर अंग कसं धरंल, एवढ्याशानं काय होतंय, असं तिला वाटलं. मी तिला लई बोललो. आता तुला तोंड दाखवायला लाज वाटती म्हणती.

पोरी, एकट्या तिचा दोष नाय. लहानपणी तू पोळी ताटात ठेवून उठायचीस, तवा मी डोळे वटारून परत बसवायचो. मेंढरांमागं फिरताना आम्हाला पोळी सणालाच दिसायची. तुला रोज मिळती अन् तू नको म्हणती, याचा राग यायचा. पोट दुखतंय म्हणायचीस, ते मी कधी खरं धरलं नाय.

रागावली असशील तर तसं लिही. पण लिही.

तुझ्या खुशालीची वाट बघणारा,
आप्पा (बिभीषण)


मुकुंदवाडी
२० मार्च २०२५

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

राग आला होता. परक्या घरी मी दहा वेळा विचारून खाते. आईच्या हातचं विचारलं नव्हतं. हे तिला वाचून दाखवा, लपवू नका. पण तोंड दाखवायला लाज वाटते असं तिनं म्हणू नये. मी तिच्याशी अबोला धरलेला नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का. मी नाही म्हणाले. रिक्षात बसले आणि आई डोळ्यांपुढं आली. जेवली की पोट धरून भिंतीला टेकणारी, डबा घेऊन पुन्हा पुन्हा बाहेर जाणारी, वर्षानुवर्षं रक्ताच्या गोळ्या खाऊनही पांढरीफटक. आपण ते तिचं वय म्हणून सोडून दिलं. हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो. तुम्ही दोघं तपासायला या. तोवर गहू बंद करू नका, नाहीतर तपासणीत दिसणार नाही.

आई नको म्हणेल. तिचं ऐकू नका.

तुमच्या येण्याकडं डोळे लावून,
दिपाली


देवगाव रंगारी
१० जून २०२५

चि. सौ. दिपालीस,
घरच्या सगळ्यांचे आशीर्वाद.

तुझ्या आईलाबी तेच निघालं त्याला दोन महिने झाले. माझ्यात काय निघालं नाय, तरी घरातून गहू बाहेर काढला. कन्नडच्या बाजारातून कोरं जातं आणलं. सांध्यांमुळं तिला ओढवत नाय, म्हणून मीच दळतो. लोक बघून हसतात, हसू दे. तिचं रक्त सातावरून साडेनवावर गेलंय. मळ्याचा चढ आता न थांबता चढती. परवा म्हणाली, की जेवल्यावर पोट दुखतंच, सगळ्यांचंच दुखत असंल, असं तिला जन्मभर वाटत होतं.

रविवारी शेजारच्या फकिराच्या पोरीचं लग्न झालं. पंगतीत वाढणारा पुरी घेऊन आला. तिनं ताटावर आडवा हात धरला. बायांनी आग्रह केला, लग्नाचं अन्न नाकारू नका म्हणाल्या. मी उठणार होतो, तर तीच म्हणाली, की मला आजार आहे, हे मला चालत नाय. एवढ्या संसारात तिला कुणाला नाय म्हणताना मी ऐकलं नव्हतं. मग पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली अन् सगळ्यांदेखत सावकाश खाल्ली. मी समोरच्या पंगतीत होतो. माझं ताट कधीच रिकामं झालं होतं, पण तिचा शेवटचा घास होईस्तोवर मी उठलो नाय.

आमच्यावर जीव असू दे, जावयांना आशीर्वाद सांग.

तुझा,
आप्पा