नीट केलेली झर

१४ नोव्हेंबर, हळर्ण
सापडलं! गडाखालच्या झरीवर, ओल्या दगडांवर, हातभर लांब गादी. भिंगाखाली तीनदा पाहिलं. स्फॅग्नमच. (पुढे स्फॅ. लिहीन, हात दुखतो.) हे थंड डोंगरमाथ्यावरचं शेवाळ, समुद्राच्या एवढ्या जवळ याचं काय काम? मूठभर पिळलं तर वाटीभर पाणी. फोटो दोनच काढले, दोन्ही हललेले असणार. एका जागी उभं राहवत नव्हतं.
झरीला लागूनच रुक्मा काकींचं घर. राखण त्यांचीच. मला नाचताना पाहून म्हणाल्या, "ह्यां? ह्यां माज्या सासवेच्या वेळचां. पायाक लागलां की ह्यांच बांदतंव आमी."

२२ नोव्हेंबर, डिचोली
पाठवलेल्या फोटो-नमुन्यावर सरांचं पत्र, पुण्याहून. गाइड आहेत, कौतुक करणार नाहीतच. "बाई, सुका नमुना हा पुरावा नव्हे. फोटोत हिरवा डाग दिसतो. हल्ली ऑर्किडच्या टोपल्यांत हेच भरून विकतात, कुठूनही पडलेलं असेल. आपणहून उगवलेलं जागेवर पाहीन, तरच मानीन." १२ डिसें.ला येतायत.
पीएच.डी.ची नोंदणी मार्चअखेर संपते. मुदतवाढ एकदा खाऊन झाली. हे प्रकरण गेलं तर आठ वर्षं पाण्यात. आमचे हे म्हणाले, "शेवाळावर पीएच.डी. म्हणजे घसरणं आलंच." मी हसले. मग राग आला.

५ डिसेंबर
कॉलेजात शिकवून झाल्यावर स्कूटरने हळर्ण. रु. काकींना सांगून आले: पुण्याचे मोठे सर येतायत, तोवर जागा नीट ठेवा हं.
"तू काय्येक काळजी करू नको गे बाय."
जीव भांड्यात पडला. निघताना केळफूल दिलं त्यांनी. उद्या भाजी.

१२ डिसेंबर
लिहवत नाही.
झर चकचकीत. दगड न् दगड नारळाच्या सोडणाने घासलेला. कडेच्या दोन दगडांना चुना! स्फॅ.चा कण नाही. काकी ठेवणीतलं लुगडं नेसून उभ्या, हातात शहाळी. "बघ गे, कशी नीट केलंय! दोन दीस घासतंय."
सरांनी वाकून एकेक दगड पाहिला. शहाळं प्यायले. गाडीत म्हणाले, "वाईट वाटतं. पण जे पाहिलं तेच मी लिहिणार."
लोकांना चुना लागतो तो म्हणण्यापुरता. मला खराखुरा लागला.

१३ डिसेंबर
सकाळपासून काकींवर धुमसत होते. अडाणी काय, म्हातारी काय, मनात नाही नाही ते. दुपारी वर्गात फळा पुसताना एकदम डोक्यात उजेड पडला. पाहुणे यायचे असले की आई म्हणायची, "घर नीट करा गो," आणि आम्ही केरसुणी उचलायचो. नीट म्हणजे साफ! "हात लावू नका" म्हणायला काय जीभ झडली होती? चार वर्षं पुण्यात शिकले तर तिथलंच बोलायला लागले. डिचोलीची असून. गाढव मी.

१८ डिसेंबर
काकींना काही सांगायचं नाही असं ठरवून गेले आणि सगळं सांगून टाकलं. पायरीवर बसल्याच त्या.
"म्हणजे माज्यामुळां तुजी परीक्षा बुडली?"
तुमच्यामुळे नाही, माझ्या जिभेमुळे, म्हटलं. ऐकतायत कुठल्या? ताडकन उठल्या, मला हाताला धरून केळीखाली नेलं. खरवडलेलं सगळं तिथे, खत म्हणून टाकलेलं. वरचं वाळून कोळ, पण आत हात घातला तर गार, ओलं, हिरवं. जिवंत! दोघी चिखलात बसून हसलो. मी जरा रडलेही.
सूपभर निवडून काढलं. थोडं कॉलेजात आणलं, बाकी त्यांच्याकडे. या वेळी शब्द मोजून मापून: "ओलं ठेवा. झाकून ठेवा. घासू नका."

९ जानेवारी
काकींनी लावणी केली!! झरीच्या वरच्या अंगाला, चुन्यापासून लांब, चिमूट चिमूट, भाताचा तरवा लावतात तशी. वीतभर अंतर, ओळी दोरीत. वाड्यावरच्या बायकांना धुणं खाली ओहोळावर न्यायला लावलंय आणि स्वतः पाणी पार रस्त्याच्या नळावरून आणतात, कमरेवर कळशी घेऊन. सत्तरी उलटलेली बाई. ओरडले त्यांच्यावर. मग मिठी मारली.

२० फेब्रुवारी
धरलं. ओळी फुगल्यात, शेंडे पोपटी. आणि कॉलेजात काचेखाली, थर्मामीटर लावून जपलेलं? मेलं. काकींना सांगितलं तर हसून हसून ठसका.
सरांना फोन केला, झरीवर पुन्हा आलंय एवढंच म्हटलं. येतो म्हणाले, ५ मार्च. शेवाळाच्या नोंदीचा फॉर्म पाठवलाय. रकाना सात: 'नैसर्गिक' की 'लागवड', एकावर खूण. "लागवड असेल तर नोंद होत नाही बाई. खरं तेच लिहा."
खोटं कशाला लिहीन? पण खरं काय?

४ मार्च, काकींच्या सोप्यावर
सर उद्या. फॉर्म काकींना वाचून दाखवला. लागवड म्हणजे? विचारलं त्यांनी. माणसानं आणून लावलेलं, म्हटलं. तांदूळ निवडत होत्या, हात थांबला.
"भायरसून हाडलां कोणी? ह्यां हंयचांच. मी काडलां, मीच परत ठेवलां."
बाकी सगळं भरलं, सातवा कोरा.
काकी आता झरीवर गेल्यात. तिथून हाक मारून विचारतायत, ओळी जरा विस्कटून टाकू काय, म्हणजे लावल्यासारख्या दिसणार नाहीत.
दुसऱ्यांदा विचारलं. मी अजून नको म्हटलेलं नाही.