सातवा अर्ज

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी दिवा लावला आणि देवापुढच्या पाटावर बसूनच अर्ज वाचायला घेतले. वीस अर्ज. अंतराळातल्या दुर्बिणीचा वेळ उरलाय फक्त दोघांपुरता. वेळ कुणाला द्यायचा हे आम्ही समितीतले पाच जण ठरवणार. अर्जांवरची नावं झाकलेली असतात.

सातव्या अर्जाशी थबकलो. विझत चाललेल्या ताऱ्यांवरचा. आणि दुसऱ्याच परिच्छेदात – ‘आमचं म्हणणं इथं चुकू शकतं.’

असं इरा लिहिते. कॉलेजात मीच शिकवलं तिला. “सर, आपली चूक आपणच का सांगायची?” म्हणून भांडायची.

स्वयंपाकघरातून बायकोची, क्षमाची हाक – “चहा थंडा होऊन राहिला. उतरा आता आकाशातून.”

५ फेब्रुवारी

बंगळूरहून इराचा फोन. मी समितीत आहे हे तिला ठाऊक नाही. ठाऊक असायलाही नको. तिची शिष्यवृत्ती जूनमध्ये संपते. दुर्बिणीचा वेळ मिळाला तर सोबत दोन वर्षांचा निधी. नाही तर इथं, आमच्या गावात, ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी परत, आणि मग आई-बाबा स्थळं काढून बसलेच आहेत.

“सर, तुम्ही रोज पूजेला बसता ना? मेरे लिए भी एक बार बोल दो.”

“हव, बोलतो,” म्हणालो. फोन ठेवला.

७ फेब्रुवारी

अर्ज दहापैकी नऊचा आहे. सात दिले. पक्षपात केला असं कुणी म्हणू नये – देवानंसुद्धा.

क्षमाला नाव न घेता सांगितलं, एका विद्यार्थिनीचा अर्ज आहे म्हणून. ती भाजी निवडत होती.

“अनोळखी असती तर किती देले असते?”

“नऊ.”

“मंग त्या पोट्टीचे दोन काहून कापले? तुमचा मोठेपणा राखाले?”

८ फेब्रुवारी

नऊ केले. पुन्हा खोडले. दोन्ही आकडे माझेच वाटतात, अर्जाचा त्यात एकही नाही.

१० फेब्रुवारी

नियम सरळ आहे. लेखक ओळखू आला तर कळवायचं आणि त्या चर्चेतून उठायचं. पण या ताऱ्यांचं काम उरलेल्या चौघांपैकी कुणीच केलेलं नाही. या ताऱ्यांचा अवरक्त प्रकाश हवेत अडतो, जमिनीवरून दिसत नाही, हे जीव तोडून कोण सांगणार? मी उठलो तर तिची बाजू घेणारं तिथं कुणी नाही.

संध्याकाळी बूढ़ा तलावाला दोन फेऱ्या मारल्या. इरासाठी काही मागायला हात जोडले, पण मागवेना.

११ फेब्रुवारी

अध्यक्षांना पत्र पाठवलं. सातव्या अर्जाचा लेखक मी ओळखला आहे. त्याला गुण देणार नाही, चर्चेला बसणार नाही. खाली आणखी एक ओळ – ही फेरी संपली की समितीतून माझं नाव काढावं. पुढच्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या नव्या अर्जाचा मसुदा मला वाचायचा आहे, पहिल्या ओळीपासून.