बाईला शिकवणारी पोरं

१९ सप्टेंबर १९६६
ठकीनं आज सुगंधाला चक्क "तू" म्हटलं! "बाय, तू खोटा बोलतंस, आमी त्याला आसा नाय म्हनत." मास्तरीणबाईला! मी मागं पाटी घेऊन बसले होते. आमच्या जिंतुराकडं मास्तरांशी कुणी असं बोललं असतं तर पाठ सोलून निघाली असती. आणि सुगंधा? हसली! म्हणते, "बरं ठकूबाई, कसं म्हणायचं ते तूच शिकव."

सुगंधा माझी नात; तिला सोबत म्हणून माझ्या लेकानं, पुंजारामानं, मला इथं पाम गावात ठेवलंय. तो स्वतः तारापूरला, वीजघराच्या बांधकामावर. खोलीत एकटी बसून करू काय? तिच्याबरोबर पाड्यावरच्या शाळेत जाऊन बसते. दुसरी शिकलेली मी — साठीत पुन्हा पाटी! ही वहीपण तिनंच दिली. "आजी, बडबडतेस ते लिहीत जा."

२० सप्टेंबर
लाडकी मोळी घेऊन आली. ठकीची आई. म्हटलं, पोरीला वळण लाव, मोठ्यांना अहो-जाहो म्हणायला शिकव. तर म्हणाली, "आमी देवाला पन तू म्हनतूं. बाय काय देवापरीस मोठी हाय?"
 मी तरी खंडोबाला कधी अहो म्हटलंय?

२६ सप्टेंबर
तालुक्याहून शाळा तपासणारे साहेब आले. पटावर एकोणीस, बसलेली सात. "दिवाळीनंतर अठ्ठावीस नोव्हेंबरला पुन्हा येईन. बारा जण शिकताना दिसले नाहीत तर शाळा बंद." सुगंधाचं तोंड एवढंसं झालं. शाळा बंद म्हणजे तिची बदली; पण त्याचं दुःख नाही तिला. "ठकी आता कुठं वाचायला लागली गं, आजी," एवढंच म्हणाली.

४ ऑक्टोबर
मला युक्ती सुचली! खोलीमागं मी वेल लावलाय, काकड्या लगडल्यात. टोपलीभर नेल्या. खाऊ मिळतो म्हटल्यावर लेकरं धावत येतील — आमच्याकडं तर भांडली असती.
कुणी खाल्ली नाही. ठकीनं हातात घेतली, विस्तव धरल्यासारखी खाली ठेवली आणि पळाली. तिच्यामागं सगळी.

५ ऑक्टोबर
एक पोर नाही.

६ ऑक्टोबर
आजही नाही. मी रागानं म्हटलं, माजोरडी आहेत! सुगंधा म्हणाली, "आजी, ती पळाली ते भिऊन. कशाला भ्याली ते आपल्याला कळलं नाही. अडाणी आपण आहोत."
मग लाडकीच्या दारात जाऊन बसली. मीही. लाडकी सूप पाखडत राहिली. मग म्हणाली, "नवा झाला नाय आजून. वाघबारसंला देवाला देतूं, मंग नवा खातूं. त्याचे आधी खाल्ला तं वाघ येल ना! बाय तं शिकलेली हाय!"
काकडी माझी, आणि बोलणी नातीला! माझी मान वर होईना. पण सुगंधा घरोघर गेली. दर दारात त्यांच्याच बोलीत — अडखळत, चुकत — म्हणाली, "माझा चुकला. मला ठावं नव्हता. तुमी शिकवा." म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसल्या. हसल्या म्हणजे झालं!
एवढीशी पोर ही, एकोणीस वर्षांची. कमीपणा घ्यायला कुठं शिकली? माझ्याकडून तर नाही.

१७ ऑक्टोबर
आता रोज एक तास पोरं बाई होतात. माशाच्या सापळ्याला काय म्हणतात, कुठल्या पानाची भाजी कधी खायची, कधी नाही. सुगंधा फळ्यावर एका बाजूला त्यांचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला लिहिते. दोन्ही बरोबर म्हणते! मी सगळं पाटीवर उतरवून घेते. ठकी माझी पाटी तपासते. "आजे, नीट लिव. कोंबडी चालली वानी लिवतंस." आज चौदा जण होते.

१० नोव्हेंबर
वाघबारस. लाडकीनं पानावर काकडी आणून दिली. "आता खा." खाल्ली. माझ्याच वेलाची असती तरी एवढी गोड लागली नसती.

१७ नोव्हेंबर
घात झाला. दिवाळी झाली की सगळा पाडा मनोरच्या बाजूला गवत कापायला जातो, ते दीड महिना. पोरंबाळं घेऊन! मी लाडकीचे हात धरले — पोरं तेवढी ठेव गं. "कोनापाशी ठेवू? खायाला काय घालशील?" खरंच आहे तिचं.
सुगंधानं हात-पाय गाळले नाहीत. वाद घातला नाही, रडली नाही. विचारलं, "तिथं राहता कुठं? सावली आहे का?"

२१ नोव्हेंबर
सुगंधा पालघरला साहेबांना भेटून आली. शाळाच गवताच्या माळावर नेऊ का, असं विचारलं. म्हणाले, "खोली मोजत नाही मी, मुलं मोजतो. कुठं बसवायची ते तुम्ही बघा."

२३ नोव्हेंबर
शाळेच्या खोलीला कुलूप. फळा लाडकीच्या डोक्यावर. माझे गुडघे बोलतायत, पण मीही निघाले. पुंजाराम ओरडेल. ओरडू दे!
दोन घरं वेगळ्या वाटेनं गेली, कोळसाभट्टीवर. तीन पोरं कमी. सुगंधा वाटभर बोटं मोजते आहे — अकरा.

२८ नोव्हेंबर, गवताचा माळ
साहेब आले. गंजीच्या सावलीत एकेकाला वाचायला लावलं. सगळ्यांनी वाचलं. "अकराच," म्हणाले, पेनचं टोपण काढलं.  ठकी उठली. "सायबा, तू नीट मोज. आजे पन शिकते आमचेपाशी."
साहेबांनी माझी पाटी मागितली. वाचली, बराच वेळ. मग लिहिलं — बारा.