पिंजऱ्यातले रविवार

४ जानेवारी, रविवार

आज पुन्हा दोषी. एका बाईनं तर दोन्ही हात वर केले. एवढी खात्री!

हे जुनं कोर्ट बंद पडून संग्रहालय झालं तेव्हा मला तिकीट खिडकीवर घेतलं होतं. तिकीट फाडायचं, सुट्टे द्यायचे, संपलं. मग आले नवे कार्यक्रम अधिकारी. मी मनातल्या मनात त्यांना उत्साहमूर्ती म्हणते. त्यांना वास्तू 'जिवंत' करायची होती. न्यायाधीशांच्या दालनात मुलांची चित्रकला स्पर्धा, शनिवारी वारसा फेरी, आणि रविवारी संध्याकाळी 'खटला' — शंभर वर्षांपूर्वी इथेच चाललेला, पुन्हा चालवायचा. निकाल प्रेक्षकांनी हात वर करून द्यायचा. आरोपीचं काम करणारी नटी दुसऱ्याच रविवारी फिरकली नाही. उत्साहमूर्ती माझ्याकडे बघून म्हणाले, तुमचा चेहरा चालेल.

चालतो. फारच चालतो.

५ जानेवारी, सोमवार

खटल्यातली ती आरोपी बाई डोक्यातून जात नाही. तापानं फणफणलेलं मूल घरात ठेवून, दाराला कडी घालून बाहेर पडली. ती म्हणते डॉक्टर आणायला. सासरचे म्हणतात, माहेरी पळत होती. परतली तर मूल गेलेलं. दहा वर्षं सक्तमजुरी.

उत्साहमूर्ती म्हणतात, जरा रडत जा, लोक विरघळतात. मी म्हटलं, ती कोर्टात रडली नाही अशी नोंद आहे. तर म्हणे, म्हणूनच आत गेली ना! आणि हसले.

११ जानेवारी, रविवार

दोषी.

खटला सुरू व्हायच्या आधी लोक आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून फोटो काढतात. जिभा बाहेर काढून. आज एक मुलगी मला म्हणाली, "काकू, जरा सरका ना, तुम्ही फोटोत येताय." माझ्याच पिंजऱ्यातून मला हाकललं!

सरकारी वकिलाचं काम करणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेत. जन्मभर काउंटरमागे बसून जी जरब दाखवता आली नाही ती माझ्यावर काढतात. बोट नाचवत विचारतात, कडी घालताना हात थरथरला नाही का? टाळ्या त्यांना.

येताना भाजीवाली कौतुकानं म्हणाली, पोराला मारणाऱ्या त्या तुम्हीच ना? आणि दोन टोमॅटो वर घातले.

१३ जानेवारी, मंगळवार

जेवताना वहिनी म्हणाली, वन्सं, एकदा झालं ते पुरे नव्हतं का, की दर रविवारी चारचौघांत उभ्या राहताय? दादा ताटात बघत राहिला. तो नेहमी ताटातच बघतो.

माझा खटला तिकीट काढून कुणी बघितला नाही. नवऱ्यानं दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा एक पिशवी घेऊन दादाकडे आले. दोन दिवसांसाठी. परत गेले तर दार उघडेचना. आतून सासू — "मूल टाकून गेलीस, आता कशाला आलीस?" मूल सात वर्षांचं. कोर्टानं बापाकडे दिलं, कारण मला ना नोकरी ना स्वतःचं घर. महिन्यातून एक भेट. पुढे तोच येईनासा झाला. त्याला यायचं नाही, एवढाच निरोप. खरा का खोटा, कोण जाणे. आता एकोणीस वर्षांचा. दाढी आली असेल.

गावाला मात्र एकच वाक्य पाठ आहे. टाकून गेली.

१८ जानेवारी, रविवार

दाढी आली आहे.

मित्रांबरोबर आला होता. तिसऱ्या बाकावर. खाली बघून हसतो तसाच, लहानपणीसारखा. मी पिंजऱ्यात चढले आणि त्याचं हसू गेलं. ओळखलं त्यानं. लाकडी कठडा धरून उभी राहिले.

शेवटी प्रेक्षकांना आरोपीला प्रश्न विचारू देतात. तो उठला. मित्रांना वाटलं गंमत, त्यांनी शिट्ट्या मारल्या. आवाज बापासारखा जाड झालाय. म्हणाला, "तुम्ही निघालात तेव्हा तो जागा होता का?"

संहितेप्रमाणे उत्तर — मूल ग्लानीत होतं. मी म्हटलं, "जागा होता. खिडकीत उभा होता. मी त्याला सांगितलं होतं, परवा येते. आणि मी आले होते. दार उघडलं नाही कुणी."

कुणाला काही कळेना. उत्साहमूर्तींनी सारवासारव केली. मतं घेतली. दोषी. त्याचा हात वर नव्हता. निर्दोषसाठीही नाही. हात खिशात घालून बसला होता. मी कपडे बदलून बाहेर येईपर्यंत निघून गेला.

१९ जानेवारी, सोमवार

बँकवाले रुसले. मी संहिता सोडली, त्यांच्या शेवटच्या भाषणाची माती झाली. असल्या हौशी बायकांबरोबर काम करणार नाही म्हणाले. मी हौशी!

पुरे झालं. आता खिडकी बरी.

२२ जानेवारी, गुरुवार

आरोपीचं काम सोडते म्हणून सांगायला गेले. उत्साहमूर्तींनी बोलूच दिलं नाही. नवा सरकारी वकील मिळालाय म्हणे. रविवारचा तोच मुलगा, ज्यानं मला प्रश्न विचारून अडवलं. आपण होऊन आला, काम मागितलं. "एवढंच विचारत होता, आरोपी दर रविवारी याच असतात का? तुमच्या ओळखीचा आहे का हो?"

मी म्हटलं, पाहिलाय.

बारा वर्षं त्या घरानं त्याच्या कानात जे ओतलं ते आता दर रविवारी तो माझ्यावर ओतणार. लोकांसमोर. बोट नाचवत. सूड घ्यायचा तर याहून सोयीची जागा नाही — त्यालाही टाळ्या मिळतील. वहिनी म्हणाली, जाऊ नका. दादा पहिल्यांदाच ताटातून वर बघत म्हणाला, जा.

परवा तालमीला जाणार आहे. काय व्हायचं ते तोंडावर होऊ दे.

२४ जानेवारी, शनिवार

तालीम. कोर्टात आम्ही दोघंच, उत्साहमूर्ती फोनवर बाहेर. त्याच्या हातात संहिता, न उघडलेली. सुरुवातीला वकील आरोपीला नाव विचारतो. त्यानं विचारलं. मी त्या बाईचं सांगितलं.

"ते नको," तो म्हणाला. "तुझं सांग."