नजर उशिरा पोचते

आबा, तुम्ही गेलात त्याला आता सोळा वर्षं होतील. एवढ्या दिवसांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. तुम्हाला अक्षरओळखही नव्हती, त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय. पण ही गोष्ट ज्याला नीट कळेल असं दुसरं माणूस मला सुचत नाही. माझी नजर गेलेली नाही आबा, मला दिसतं. फक्त ती उशिरा पोचते.

कन्नडच्या खालच्या अंगाला आपला मेंढरांचा तळ असायचा, तिथली एक सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही. जाळीच्या वाड्याचं तोंड तुम्ही उघडता, काठी आडवी धरता, आणि मेंढरं दोन-दोन, तीन-तीन अशी उड्या मारत बाहेर पडतात. मी आठ-नऊ वर्षांची, तुमच्या कमरेला टेकून उभी. तुम्ही तोंडानं काही मोजत नाही. वीस झाली की एक खडा डाव्या हातातून उजव्या हातात जातो, एवढंच. त्या दिवशी तुम्ही मोजायला मला पुढं केलं. मधेच दोन कोकरं एकमेकांच्या अंगावर चढली, माझा मेळ चुकला, आणि मी ठोकून दिलं, "सहा विसा आन् चार." तुम्ही विचारलंत, "दिसलं का तुला?" मी म्हटलं, "व्हय." "खोटं बोलू नको. नाय दिसलं तर नाय दिसलं म्हन. तुझ्या अंदाजापायी एखादं मुकं जनावर मागं ऱ्हाईल." आणि सगळी मेंढरं परत आत घातलीत. उन्हं वर आली, भाकरी वाळल्या म्हणून आई ओरडायला लागली, तरी तुम्ही जागचे हलला नाहीत. तिसऱ्या खेपेला मला जमलं. "हिचा डोळा लई चलाख हाय," असं तुम्ही आईला म्हणालात. मला तोंडावर कधी म्हणाला नाहीत.

त्या चलाख डोळ्यावरच मला चितेगावच्या औषधाच्या कारखान्यात नोकरी लागली. इंजेक्शनची बाटली उजेडात धरायची, जराशी फिरवायची, आधी काळ्या फळीसमोर बघायची, मग पांढऱ्या. आत केस, धागा, काचेचा कण काही तरंगताना दिसलं की बाजूला काढायची. एकदा तुम्ही कन्नडहून जीपनं आणि मग एसटीनं मला भेटायला आला होतात. खांद्यावर घोंगडी घेऊन गेटवर उभे. मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले तर तुम्ही विचारलंत, "दिसभर बाटल्याच बघायच्या?" "व्हय." "मेंढरं चालत तरी व्हती," म्हणालात आणि हसलात. मग घोंगडीच्या घडीतून शेंगदाण्याची पुडी काढून दिलीत. किती अभिमान होता मला त्या कामाचा! त्या खोलीत सगळ्यांत जास्त दोष मी पकडायचे.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी डावीकडच्या ट्रेकडं बघितलं तर एकाच्या दोन बाटल्या दिसल्या. डोळे मिटून उघडले, एक झाली. मला वाटलं, जागरण झालं असेल. मग जालना रोड ओलांडताना गाडी लांब आहे म्हणून पाऊल टाकलं आणि ती अंगावर आली. मग बोलणंही मागं पडायला लागलं. तुमची नात विचारते, "आई, डबा भरलास का?" मला प्रश्न कळतो, उत्तरही माहीत असतं, पण ते ओठांवर येईपर्यंत तिनं स्वतःच डबा उघडून बघितलेला असतो. "जाऊ दे, तुला लई वेळ लागतो," म्हणते. सतरा वर्षांची आहे, तिला घाई असते. तिचे वडील जालन्याला कामाला असतात, शनिवारी येतात. त्यांना वाटायचं, बाई हल्ली लक्षच देत नाही.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. मला ते नीट म्हणता यायलाच आठवडा लागला. डॉक्टरीणबाई समजूतदार आहेत. त्यांनी एका पडद्यासमोर हनुवटी टेकवून बसवलं. पडद्यावर एक ठिपका इकडून तिकडं उडी मारतो, त्याच्यामागं नजर न्यायची. एवढंच? मी मनात म्हटलं, उड्या मारणारं काही टिपायला मला शिकवू नका. पण ठिपका पोचलेला असायचा आणि माझे डोळे अजून वाटेत असायचे, त्यातही एक डोळा दुसऱ्याच्या मागं. मग एक कागद दिला. वर खुणा आणि प्रत्येक खुणेचा आकडा, खाली नुसत्या खुणा, बघून पटापट आकडे सांगायचे. मी दुसऱ्या ओळीत होते आणि वेळ संपली. "मी बावळट झाले का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही हो. बुद्धी शाबूत आहे. मेंदूतल्या तारांवरचं आवरण जागोजाग खराब झालंय, म्हणून निरोप हळू जातो. डोळ्यांचाही आणि विचारांचाही." "गोळ्यांनी परत येईल?" त्या म्हणाल्या, "नवीन झटके कमी व्हावेत म्हणून औषध आहे. गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही."

आबा, त्यानंतर मी वेड्यासारखं केलं. पंख्याच्या पात्यांमागं नजर फिरवत बसायचे. गच्चीवर जाऊन चिमण्या मोजायचे, चुकायचे, पुन्हा मोजायचे. भिंतीवर डोकं आपटून घ्यावं, म्हणजे आतलं काहीतरी जागेवर येईल, असं वाटायचं. आणि कारखान्यात कुणाला काही सांगितलं नाही. उन्हाळ्यात तर सगळं आणखी जड व्हायचं. बाटली फिरवली की आतला कण माझी नजर तिथं जाईपर्यंत तळाशी बसलेला असायचा. तरी मी बाटली पुढं सरकवायचे. अंदाजानं. ठोकून.

आमची मधूनमधून परीक्षा असते. चांगल्या बाटल्यांत मुद्दाम थोड्या खराब मिसळून ट्रे देतात. या खेपेला शेजारची बाई हळूच म्हणाली, "माझ्या टेबलाकडं बघत जा, मी बाजूला काढते तशी काढ." मी तसं केलं. पास झाले. घरी आले, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले, आणि माझ्या डोळ्यांसमोर कुणाच्या तरी पोराच्या दंडात सुई जाताना दिसायला लागली. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी इन्चार्जसाहेबांसमोर जाऊन उभी राहिले. "साहेब, मला दिसलं नव्हतं. मी बघून केलं, दुसरीचं." त्यांनी चष्मा काढला. "कधीपासून दिसत नाही?" मला उत्तर द्यायला वेळ लागला. त्यांना वाटलं मी लपवतेय. माझ्या हातून गेलेला, अजून गोदामात असलेला माल परत तपासायला काढला. त्यात एक बाटली सापडली. काचेचा कण. फक्त एक, असं ते म्हणाले, पण त्याआधी जो माल बाहेर गेला त्याचं काय, हे मीही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

तीन आठवडे झाले, मी घरी आहे. कंपनी कळवेल म्हणतात. तुमची नात माझ्याकडं बघून हळू बोलते आता, लहान मुलाशी बोलतात तसं. ते घाईनं बोलण्यापेक्षा जास्त लागतं. काल ती ताटावर बसली होती. मी काही सांगायला तोंड उघडलं. ती थांबली, वाट बघत राहिली, आणि एवढ्यात मी काय सांगणार होते तेच निसटलं. सहा महिन्यांनी काय होईल आबा? वर्षानं? कुणीच सांगत नाही.

हा कागद मी कुठं पाठवणार? घडी करून रिपोर्टांच्या फायलीत ठेवीन. पण ठेवायच्या आधी एक सांगते, ते आजवर आईलाही सांगितलं नाही. शेवटच्या वर्षी तुम्ही शेजाऱ्याच्या मोबाइलवरून फोन करायचात. तुमचं बोलणं सावकाश झालं होतं. मी विचारायचे, "कसे आहात?" आणि पलीकडं नुसता श्वास ऐकू यायचा. मी म्हणायचे, "आबा, रेंज नाय, ठेवते." रेंज असायची. तुम्ही बोलायला सुरुवात केल्याचंही एकदोनदा मला ऐकू आलं होतं.