दलदलीतून काढलेली आठचाकी

३ जून
पोचले एकदाची हिर्विसुओला! बस फाट्यावर सोडून गेली, तिथे एवर्टी स्वतः घ्यायला आला होता. वय सत्तरीचं, आवाज भोंग्यासारखा. सैन्याच्या लिलावातले तीन ट्रक घेऊन हा माणूस दलदलीतली जळाऊ माती चाळीस किलोमीटरवरच्या शहरात पोचवतो. माझं काम ट्रक नीट ठेवायचे आणि एक स्वतः चालवायचा. वीस वर्षं ओउलू शहरात बसच्या इंजिनात हात घातलेत, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. खोली वर्कशॉपच्या माडीवर, खिडकीतून बर्चची झाडं. एवर्टीची बहीण सेल्मा, पाठीवर लांब पांढरी वेणी, हिने सामन माशाचं सूप केलं होतं, वर मूठभर शेपू. दोन भांडी रिचवली. एवर्टी म्हणाला, "राईली, बाईचा हात लागला की माझ्या गाड्या लाजतात की काय, बघू या." संध्याकाळी धाकट्या ट्रकची हवेची गळती शोधून दिली, तेव्हा स्वतःच पाना आणून हातात दिला.

५ जून
आज तिन्हींतल्या मोठीला हात लावला. आठ चाकं, टायर माझ्या छातीएवढे. सराव करताना दलदलीत रुतली आणि नऊ वर्षं तशीच राहिली. सैन्याने आहे तशी विकली, तीन वर्षांपूर्वी एवर्टीने ओढून काढली.

डिझेलचा फिल्टर उघडला आणि हात मागे घेतला. डिझेलमध्ये पाणी गेलं की काळा गाळ धरतो, तो मी शंभरदा काढलाय. हे तसलं नव्हतं. नासक्या दुधावरच्या सायीसारखं, गुलाबीसर, ओढलं की ताणलं जाणारं. वास आंबलेल्या ताकाचा आणि ओल्या कुत्र्याचा. इंजिन दोन दिवस बंद होतं, तरी ते कोमट होतं. तीनदा हात धुतले. जेवताना राय या धान्याची भाकरी तोंडापर्यंत नेली आणि खाली ठेवली.

८ जून
टाकी रिकामी केली. दोन बादल्या साय निघाली. मग तोंडातून हात आत घालून तळ खरवडायला लागले. आतली भिंत लोखंडाची लागेना. गाईच्या गालाला आतून हात लावावा तशी मऊ. ब्रश जोरात ओढला तर ती आक्रसली. मी वर्कशॉपच्या मागे जाऊन ओकले.

एवर्टी दारात उभा राहून हसत होता. म्हणाला, "आर्वोसुद्धा पहिल्यांदा ओकला होता." आर्वो म्हणजे माझ्या आधीचा मेकॅनिक. तो कुठे गेला विचारलं तर म्हणाला, "गेला."

त्याच ब्रशने मग बाकीच्या दोन ट्रकांच्या टाक्याही साफ केल्या. दिवस मोठा आहे, तर काम उरकलेलं बरं.

१० जून
मोठी पहिल्यांदा बाहेर काढली. असल्या जुन्या गाडीला प्रत्येक गियरला दोनदा क्लच मारावा लागतो, दंड भरून येतात. हिचे गियर आपोआप पडत होते, जणू माझं मन आधीच कळलं. माती भरून शहरात गेले, रिकामी परत आले. चढावर दमही लागला नाही तिला.

उतरल्यावर आठवलं की टाकीत मी फक्त चाचणीपुरतं पाच लिटर ओतलं होतं. काठी घालून पाहिली. पाच लिटर जसंच्या तसं. काठीला साय चिकटून आली.

१३ जून
भर दुपारी सेल्माला पाहिलं. बादलीतून माशांची आतडी ओंजळीने मोठीच्या टाकीत सोडत होती. आतून चाटल्यासारखा आवाज येत होता. मला पाहून ती दचकली नाही, उलट रडायला लागली. म्हणाली, "घातलं नाही तर ती स्वतः शोधते गं. आर्वो रविवारी खरवडायला बसला, आणि एवर्टी मला म्हणाला, घरात जा, दार लाव."

एवर्टीबद्दल पोलिसांत सांगून टाक, म्हटलं. तर म्हणाली, "तो माझा भाऊ आहे. आणि आता त्याला तो वास आवडायला लागलाय."

१४ जून
उजवा तळवा पांढरा पडलाय, बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखा. नखांखाली साय आहे. सुईने काढली, सकाळी पुन्हा. स्वतःच्याच हाताची शिसारी येते. डाव्या हाताने जेवते. उद्या धाकटा ट्रक घेऊन निघणार.

१५ जून
धाकटा सुरू होईना. मधलाही नाही. फिल्टर उघडले. दोन्हींत गुलाबी साय.

माझा ब्रश. मीच नेली.

फोन बंद आहे म्हणतो एवर्टी. पायी चाळीस किलोमीटर, दोन्ही बाजूंना दलदल. सेल्मा हळूच म्हणाली, "जाळून टाकू तिला. उद्या दुपारी तो झोपतो तेव्हा मी रॉकेल आणते, तू काडी लाव. मग दोघी चालत जाऊ."

१६ जून
सेल्मा आली नाही. एवर्टी सांगतो, मैत्रिणीकडे गेली. तिच्या कॉफीचा कप अजून टेबलावर, अर्धा.

मोठीच्या टाकीचं झाकण उघडं होतं. तोंडाच्या गाळणीत केस. पांढरे, वेणी घातलेले.

ओकले. रिकाम्या पोटी, पित्तच—

एवर्टी खाली शीळ घालत टायरमध्ये हवा भरतोय.

१७ जून
रॉकेलचा डबा सापडला, जळाऊ लाकडांमागे. तिने आणून ठेवला होता.

तो झोपला की. काडेपेटी खिशात.

आज ओकारी नाही आली. नाश्ताही केला. विचित्र—

१७ जून, दुपार
वही मडगार्डवर ठेवलीय. रॉकेल ओतलं, चाकांवर, केबिनमध्ये. टाकीतही ओतायचं होतं म्हणून झाकण काढलं.

वास येत नाही. म्हणजे येतो, पण— तापवलेल्या दुधाचा. आईच्या स्वयंपाकघरासारखा.

आत सेल्माचा हात दिसला. वाटलं, अजून जिवंत— ओढायला हात घातला. तिचा नव्हता. तो आकार होता नुसता. त्याने माझी बोटं धरली.

डाव्या हाताने लिहितेय. काडीला दोन हात लागतात.

कोपरापर्यंत गेला. दुखत नाही. घाण वाटायला हवी, मला कळतंय की वाटायला हवी—

ओढला तर येईल बाहेर. जोर आहे अजून. पण ऊब—

एवर्टी उठलाय. येतोय. हसत नाहीये, टोपी काढलीय त्याने.

ओढते. आत्ता ओढते. फक्त एकदा थोडं आणखी आत—